उतरवणारे नाना

सिंगापूरहून पेनांग-फुकेतला निघालेल्या क्रूझवर ठाण्या-पुण्याचा एखादा ग्रुप असतोच, आणि त्या ग्रुपात एक नाना असतात. बँकेतून निवृत्त, कमरेला पाऊच, गळ्यात दोरीला अडकवलेलं केबिनचं कार्ड, खिशात दिवसाचं वेळापत्रक आणि त्यावर लाल बॉलपेनच्या खुणा. बाकीचे जहाजावर चढतात ते मजा करायला; नाना चढतात ते लोकांना नीट उतरवायला.

"पेनांगचं सोपं आहे," नाश्त्याच्या टेबलावर न बोलावता बसत नाना सुरू होतात. "जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं. बाहेर पडलात की जॉर्जटाउन, पायी फिरा. फुकेतचं तसं नाही! पाटोंगला जहाज समुद्रातच नांगर टाकतं. किनाऱ्यावर न्यायला छोट्या बोटी. त्याचं टोकन आधी घ्यायचं. आणि परतीची शेवटची बोट कितीची, हे जातानाच विचारायचं."

"बरं," म्हणून आपण डोशाकडे वळावं, तर नाना दोन्ही मनगटं पुढे करतात. दोन्हींवर घड्याळं! "थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. जहाजाने वेळ बदललेली नाही. किनाऱ्यावर तुमचा मोबाइल आपोआप तीन दाखवणार, तेव्हा जहाजावर चार वाजलेले असणार. तुम्ही नारळपाणी पीत बसा, जहाज जाईल निघून!" तिसरं घड्याळ नानींच्या पर्समध्ये असतं. ते भारतीय वेळेचं, नानांच्या गोळ्यांसाठी.

बाहेरची टॅक्सी स्वस्त पडते असं कोणी म्हणालं, की नानांचा आवाज चढतो. "जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी कप्तान थांबणार आहे का? घ्यायची तर घ्या, पण दोन तास हातात ठेवून परता. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर झेरॉक्स जवळ हवी. आणि पोर्ट एजंटचा नंबर वेळापत्रकात छापलेला असतो, त्याचा फोटो काढा."

एवढ्यात एका काकूंनी रुमालात गुंडाळलेलं केळं पर्समध्ये सरकवलेलं नानांना दिसतं. "वहिनी, जहाजावरचं खाणं किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत. केळं पोटात घालून न्या, पर्समध्ये नको!" काकू तिथेच, सर्वांसमोर, केळं सोलतात.

शेवटच्या रात्री तर नानांना उसंत नसते. रंगीत टॅग लावलेल्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या, त्या थेट सिंगापूरच्या टर्मिनलवर मिळतात. म्हणून नाना दारोदार जाऊन विचारतात, "औषधं, चार्जर, उद्याचे कपडे बाहेर काढलेत ना? बिल आत्ताच तपासा, सकाळी काउंटरवर जत्रा असते. आणि आपल्या टॅगचा रंग पुकारल्याशिवाय हलायचं नाही!"

आणि हेच नाना सकाळी सहाला, रंगबिंग पुकारायच्या आधीच, गँगवेच्या दारात उभे! जन्म लोकलमध्ये गेलेला. ठाण्याला उतरायचं तर मुलुंडपासून दार धरायचं, हे रक्तात भिनलेलं. कर्मचारी त्यांना हसून मागे पाठवतो, ते पुन्हा पुढे येतात. नानी मात्र वर निवांत चहा घेत बसलेल्या असतात. त्यांचा रंग शेवटचा असतो.

क्रूझला निघालात तर नाना भेटतीलच. ते सांगतील ते सगळं लिहून घ्या, त्यातलं एकही चुकीचं नसतं. पण उतरताना मात्र नानींबरोबर उतरा.