दात पाहून सांगा

बैल भरात आहे की उतरला, यावर पांढुर्ण्यात वाद होत नाही. जबडा उघडायचा, दात मोजायचे. दुदाती, चौसा, सहादाती. सगळे आले की बैल जुळला. त्यापुढे किंमत उतरतीला. पोळ्याच्या तोरणाखाली झूल अन् बेगड म्हाताऱ्या बैलालाही तेवढीच मिळते, पण जाणता माणूस त्याच्याकडे एकदा बघतो, मान हलवतो आणि पुढे सरकतो. बॉक्सरच्या बाबतीत ही सोय नाही. त्याचे दात वयाच्या आधीच पडलेले असतात.

आमच्या सलूनमध्ये हा विषय निघाला तो टायसनमुळे. 2024 च्या नोव्हेंबरात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो सत्तावीस वर्षांच्या पोराशी आठ फेऱ्या खेळला आणि हरला. गालाला फेस लावून खुर्चीत बसलेला एक पोरगा म्हणाला, "टायसन संपला."

बाकावरचे काकाजी पेपर बाजूला ठेवून उसळले. "संपला कायले म्हनतं बे? 88 साली स्पिंक्सले 91 सेकंदात निजवलं होतं त्यानं! तू जन्मला तरी होता का?"

पोरगा जन्मला नव्हता. पण हा काही मुद्दा नव्हे. टायसन विसाव्या वर्षी, 1986 च्या नोव्हेंबरात जगज्जेता झाला आणि 1990 च्या फेब्रुवारीत टोकियोत डग्लसनं त्याला आडवा केला. हिशेब केला तर सव्वातीन वर्षं. सौंसरकडे संत्र्याचं कलम लावून पहिलं फळ धरायलाही याहून जास्त दम काढावा लागतो. आणि एवढ्याशा काळावर काकाजी गेली पस्तीस वर्षं भांडतायत.

संत्र्याचं नाव निघालं तसा माझा बागाईतदार मित्र सरसावला. (त्याच्या बागेत यंदा गळ फार झाली, त्यामुळे तो कुठलीही गोष्ट बहरावर आणतो.) त्याचं म्हणणं असं की बैलाचं माप इथं लावूच नये, झाडाचं लावावं. आंबिया बहार हुकला तर मृग धरता येतो. अलीचं बघा. व्हिएतनामच्या लढाईला जात नाही म्हणाला, म्हणून 1967 मध्ये किताब काढून घेतला, आणि पंचविशीतला तो गडी साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर बसला. आंबिया पार गेला. मग 1974 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, किन्शासात दोरांना टेकून फोरमनचे ठोसे खात राहिला आणि आठव्या फेरीत त्यालाच पाडला. तो मृग! पहिल्यासारखा चपळ नाही, पण गोडी जास्त.

"मग आपला पेटकर कोन्त्या बहराचा?" काकाजींनी विचारलं.

सलून गप्प झालं. मुरलीकांत पेटकर सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. बहुतेकांना ते 2024 च्या 'चंदू चॅम्पियन'मधून कळले, आणि सिनेमा म्हटला की आम्ही निम्मं सोडून देतो. पण हे खरंच घडलेलं. लष्करातला हा बॉक्सर 1964 मध्ये टोकियोला सैनिकी स्पर्धेत खेळून आला, आणि 65 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं. तेव्हा तो विशीत होता. बॉक्सर म्हणून तो किती मोठा झाला असता हे काकाजीही सांगू शकत नाहीत, आणि काकाजींना सांगता येत नाही असा बॉक्सर मी पहिल्यांदाच पाहिला. पस्तीस वर्षं भांडायला निदान 91 सेकंद तरी हाताशी लागतात.

एरवी कोण आडवा झाला यावरच सगळा निकाल. दहा आकडे मोजले की खेळ खलास. जामसावळीचा मारुती तेवढा याला अपवाद. तो निजलेलाच आहे, तरी शनिवारी दर्शनाची रांग हटत नाही.

पेटकरही उठून उभे राहिलेच नाहीत. पाण्यात उतरले. 1972, हायडेलबर्ग: पन्नास मीटर, 37.33 सेकंद, विश्वविक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री आली 2018 मध्ये. आपल्याकडचा मृग पावसाला तसा उशिरानंच येतो.

"पन्नास मीटर मंजे केवढं?" पोरग्यानं विचारलं.

"जाम नदी," मित्र म्हणाला. "गोटमारीत झेंडा गाडतात तिथं. या काठापासून सावरगावच्या काठापर्यंत."

"एवढी कुठची? निम्मी असंल."

"निम्मी? तुहा गोटा तरी पोचते का तिकडं?"

नदी किती रुंद, यावर चौघांचे चार आकडे आले. जन्मभर दोन्ही काठांवरून गोटे मारले, पण पात्र मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पोरगा तेवढ्यात, पाय न हलवता कसं पोहत असतील, ते करून बघायला लागला. गळ्यात टॉवेल, तोंडाला फेस, खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वल्ह्यासारखे.

"हालू नको बे," सलूनवाला वस्तरा वर धरून म्हणाला. "कान जाईन तुहा."