बोरच्या पाण्यात होडी नको

वर्धा जिल्ह्यातल्या बोरधरणाच्या पाळीवर रविवारी उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. एवढं पाणी आहे, मग इथे जोरात बोटिंग करायला काय हरकत आहे?

हरकत आहे. मोठी आहे.

हे पाणी वाघाच्या घरातलं आहे. 1970 साली बोर अभयारण्य झालं, 2014 साली व्याघ्र प्रकल्प. तेव्हा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर, देशातला सर्वांत लहान. एवढ्याशा रानात वाघ टिकला तो साग-बांबूच्या आडोशाने, चितळ-सांबरांच्या जिवावर आणि या पाण्यामुळे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, नाले आटतात. तेव्हा सांबराने, अस्वलाने, रानकुत्र्याने जायचं कुठे? वाघ तर भर उन्हात मागचं अंग बुडवून तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. त्याच काठाने इंजिनाची होडी घरघरत फिरवायची आणि संध्याकाळी वाघ दिसला नाही म्हणून गाईडवर चिडायचं, हे जमणार नाही.

हिवाळ्यात उत्तरेकडची बदकं येतात. इतक्या लांबून आलेल्या पाखराला दर अर्ध्या तासाने उठवून उडवलं, तर परतीच्या प्रवासासाठी त्याच्या अंगात बळ उरेल कुठून? पाण्यावर तरंगणारं पाखरू आपल्याला निवांत दिसतं. ते खात असतं, विसावा घेत असतं, पुढच्या प्रवासाची तयारी करत असतं.

धरणाकाठी सहलीला येऊन होणाऱ्या रोडग्यांच्या बेताला माझा अजिबात विरोध नाही. वांग्याची भाजी आणि तुपात बुडवलेला रोडगा ही आपल्या मुलखाची श्रीमंती आहे. पण गोवऱ्या आपल्या वावरात पेटवा. वाळलेल्या सागपानांच्या रानात एक ठिणगी पुरते, आणि फुटलेली बाटली चितळाच्या खुरात शिरते.

पाण्यावरच जायचं असेल तर जिल्ह्यात धामचं धरण आहे, निम्न वर्धा आहे. तिथे होड्या चालवा, मात्र नीट चालवा. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटली. दशक्रियेसाठी जमलेल्या नातलगांपैकी 11 जण गेले. ही आपलीच नदी, आपलीच माणसं. परवाना, माणसांची ठरलेली संख्या आणि प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, यातलं एक जरी नसेल तर होडी काठाला बांधलेली बरी.

राहिला रोजगाराचा मुद्दा. तो खरा आहे आणि त्याला बगल देणं अन्याय ठरेल. जंगल राखायचं ओझं हिंगणी-बोरधरण या जंगलालगतच्या गावांतल्या लोकांनी वाहायचं आणि कमाई दुसऱ्यांनी न्यायची, हे चालू द्यायचं नाही. पण त्यासाठी होडी लागत नाही. पाण्यापासून अंतर राखून, झाडीच्या आडोशाला दोन-तीन निरीक्षण मनोरे उभारा. तिथे चांगल्या दुर्बिणी ठेवा. पाखरं आणि पाऊलखुणा ओळखणारे गावातले तरुण-तरुणी मार्गदर्शक म्हणून नेमा आणि त्यांचं मानधन तिकिटातूनच थेट द्या. वनखात्याने येत्या हिवाळ्याआधी एवढं करावं. पाखरं यायला तेवढाच वेळ उरला आहे.