शाश्वत शनिवार-रविवार

पुण्यातली कुटुंबं हल्ली मुळशी-मावळात पडीक जमीन घेऊन ‘शाश्वत’ जगायला निघतात. १९४८च्या कूळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग आजोबांच्या गावचा विसरलेला सातबारा शोधला जातो आणि आयटीतला मॅनेजर एका फेरफारात भूमिपुत्र होतो. पाठोपाठ जेसीबी येतो, करवंदीच्या जाळ्या मुळासकट उपटतो. मोकळ्या जागी देशी झाडं लावण्याचं शिबिर भरतं. जीवामृताला देशी गाईचं शेण हवं, ते ऑनलाइन येतं, प्लास्टिकच्या पिशवीत. घर मातीचंच, आत एसी. जमीन विकणारा तिथंच रखवालदार लागलाय. मालक शनिवारी येऊन त्याला मातीशी नातं कसं जोडावं ते समजावतात. तो ‘व्हय सायेब’ म्हणतो. पगार वेळेवर होतो. शाश्वत म्हणावं असं तेवढंच.