पोट्टा अजून लहान आहे

रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्समध्ये तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी प्लेट घेऊन उभं राहा. पोहे संपेपर्यंत एखाद्या तरी निवड समितीची बैठक ऐकून होते, आणि या समितीला प्रवासभत्ताही द्यावा लागत नाही. परवाच्या बैठकीचा विषय होता कॉलेजची क्रिकेट टीम. एका भाऊंचा पुतण्या बीकॉमच्या पहिल्या वर्षाला. नेटमध्ये फायनल इयरवाल्यांना धुऊन राहिला म्हणे, पण अकरात नाव नाही. शेजारचे काका चमच्याने तर्रीतला चणा हेरत म्हणाले, "घेतील ना पुढच्या साली. काहून घाई करता? पोट्टा अजून लहान आहे."

किती लहान? अठरा पूर्ण. लायसन निघालं आहे, मतदार यादीत नाव आहे, आणि काकांचीच नवी बाइक तो सदरला सर्व्हिसिंगला टाकून आला होता.

हे वाक्य मोठं चमत्कारिक आहे, राजेहो. ते फक्त मैदानावर लागू होतं. दहावीचा निकाल लागायच्या आधी आपण पोराच्या नावाने क्लासचे दोन वर्षांचे पैसे भरतो, आणि सोळाव्या वर्षी त्याला बारा तास खुर्चीत बसवतो. तेव्हा कोणी लहान म्हणत नाही. याच नागपूरने १९९२ मध्ये बावीस वर्षांच्या देवेंद्र फडणवीसांना नगरसेवक केलं आणि १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर. एक दिवस नळाला पाणी आलं नाही तर अख्खी गल्ली अंगावर येते, त्या खुर्चीत पोरगा चालला. सात नंबरला बॅटिंगला मात्र तो पिकलेला पाहिजे.

आता माझा हितसंबंध आधीच जाहीर करतो. मीही एका कॉलेजच्या टीममध्ये होतो. नाव सांगत नाही. कॉलेज अजून आहे आणि मलाही नागपुरातच राहायचं आहे. आमचे सामने मॅटिंगवर होत. पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांनी पहाटे सहाला यायचं, मॅटची गुंडाळी खांद्यावर टाकून आणायची, उलगडायची, चौघांनी चार कोपरे ओढायचे आणि कडेच्या भोकांतून खिळे ठोकायचे. खिळा सरळ ठोकला तर तासाभरात मॅट ढिली पडते. डोकं जरा बाहेर झुकवून तिरपा ठोकला की मॅट ताण धरते. त्या कॉलेजातून मी बाहेर नेलेली ही एकमेव विद्या.

पहिल्या वर्षी मी लहान होतो. दुसऱ्या वर्षी टीममध्ये सहा जण फायनल इयरचे होते. त्यांचं शेवटचं वर्ष, त्यांचा मान. तिसऱ्या वर्षी मी स्वतः फायनलला पोचलो, तर नवा कॅप्टन म्हणाला, "फर्स्ट इयरला एक जबरी पोट्टा आला आहे. यंदा नव्या पोरांना चान्स देऊ." त्या पोट्ट्याने पहिल्याच सामन्यात चाळीसच्या वर धावा काढल्या. कॅप्टनचा निर्णय बरोबर होता. मला तो अजून आवडलेला नाही.

काकांना मी जामठ्याची आठवण करून दिली. २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. अर्धं नागपूर साबुदाण्याच्या खिचडीवर, आणि वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियमवर विदर्भ-केरळ रणजी फायनल. केरळने टॉस जिंकून विदर्भाला बॅटिंग दिली. सलामीला कोण, तर पार्थ रेखडे. हा मूळचा डावखुरा फिरकी गोलंदाज. सेमीफायनलमध्ये त्याने मुंबईच्या रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला एकाच षटकात परत पाठवलं होतं. त्याचं बक्षीस म्हणून की काय, फायनलच्या सकाळी ओलसर खेळपट्टीवर नवा चेंडू खेळायला तोच पुढे. शून्यावर पायचीत. बघता बघता २४ धावांत तीन बाद.

त्या वेळी खेळपट्टीवर होता दानिश मालेवार. वय २१, रणजीचा पहिलाच मोसम. ठेल्याच्या हिशेबाने हा पोट्टा अजून दोन वर्षं पाणी नेत असायला पाहिजे होता. दिवस संपला तेव्हा तो १३८ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी १५३ वर बाद झाला. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर ट्रॉफी नागपुरात राहिली. सामनावीर मालेवार.

"त्याच्यासंगं करुण नायर होता ना भाऊ," काका म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं, आणि इथे मी चमचा खाली ठेवला. मालेवार आणि नायर यांची भागीदारी २१५ धावांची. समोर तेहतीस वर्षांचा, कसोटीत त्रिशतक ठोकलेला माणूस उभा होता. षटक संपलं की मधोमध येऊन ग्लोव्हला ग्लोव्ह लावत होता. पोट्ट्याला एकट्याला आगीत ढकलणं वेगळं आणि त्याच्यासोबत एक पांढरे केस झालेला माणूस देणं वेगळं. विदर्भाने हे धोरण फार आधीपासून सांभाळलं आहे. इंदूरला पहिली रणजी जिंकली त्या संघात एकोणचाळीस वर्षांचा वसीम जाफर होता, आणि विजयी फटकाही त्याचाच.

त्याच इंदूरच्या फायनलमध्ये, दिल्लीविरुद्ध, हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी २४ वर्षांचा होता. रणजी फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा तो दुसराच गोलंदाज. पहिला तामिळनाडूचा कल्याणसुंदरम, तोही १९७२-७३ च्या मोसमात. आणि शतक कोणाचं? अक्षय वाडकरचं, १३३. प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं शतक, आणि पदार्पण जेमतेम दीड महिन्यापूर्वी. सात वर्षांनी जामठ्यावर हाच वाडकर कॅप्टन म्हणून ट्रॉफी उचलत होता. २०१७ मध्ये कोणी त्याला "पुढच्या साली" म्हटलं असतं तर २०२५ साठी कॅप्टन कुठून आणला असता, हे काकांनी सांगावं.

काकांचा पुढचा मुद्दा, "बाकावर बसूनही शिकते माणूस." शिकतो ना. त्याचा दरही ठरला आहे. बीसीसीआयच्या तक्त्याप्रमाणे रणजीत वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला चाळीस हजार, चाळीसच्या वर खेळलेल्याला साठ हजार, आणि राखीव खेळाडूला अर्धे. म्हणजे नव्या पोराला बाटल्या वाहायचे दिवसाचे वीस हजार. इंजिनीअरिंगच्या कॅम्पसमधून निघालेल्या पोरांना हा आकडा सांगू नका, ते उद्याच टोपी घालून येतील. पण बाकावर पोरगा पिकतो हे मला पटत नाही. आदित्य सरवटेचंच बघा. २०१९ च्या फायनलमध्ये याच जामठ्यावर अकरा बळी घेऊन त्याने विदर्भाला दुसरी रणजी दिली, पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव काढू दिली. २०२४-२५ मध्ये तो केरळला गेला. तोवर आत-बाहेर करणारा डावखुरा फिरकीवाला हर्ष दुबे मग सगळे सामने खेळला आणि ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमातला विक्रम करून बसला. बावीस वर्षांचा. आता तो त्याच वर्षी पिकला, की त्याच वर्षी जागा रिकामी झाली? आणि फायनलमध्ये सरवटे केरळकडून ७९ धावा काढून बाद झाला, तोही दुबेच्याच चेंडूवर. असं कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

उमेश यादवचं तर अख्खं नागपूर जाणतं. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. कॉलेजच्या टीममध्ये घ्या म्हणाला तर उत्तर मिळालं, तू क्लबकडून कुठे खेळला आहेस? मग विदर्भ जिमखान्याकडे गेला, तिथे आयुष्यात पहिल्यांदा लेदर बॉल हातात आला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजीत उतरला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटीत. कसोटी खेळणारा विदर्भ संघाचा हा पहिला गडी. ज्या कॉलेजने त्याला घेतलं नाही, तिथे तेव्हा कोण ओपनिंग बॉलिंग करत होतं हे शोधायची मला फार इच्छा आहे. सज्जन माणूस असेल बिचारा, फायनल इयरचा.

माझा एक भाचा अमेरिकेत शिकतो. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे आपला रणजी नव्हे, आयपीएल समजा. लाख माणसं बसतील अशी कॉलेजांची मैदानं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक पोरगा असतो. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. कॅप्टन, सलामीवीर आणि विकेटकीपर एकाच डोक्यावर. तर पहिल्या वर्षाच्या पोराला ही जागा द्यावी का, यावर तिकडचे काका दर ऑगस्टमध्ये भांडतात. १९७२ पर्यंत तर पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य टीममध्ये खेळायची मनाईच होती. आता एक सोय आहे: वर्षभर बसवलं तर ते वर्ष पोराच्या खात्यातून कापलं जात नाही, पाचपैकी चार मोसम तो खेळू शकतो. बसवतात, पण हिशेब ठेवून बसवतात. आमच्याकडे खिळे ठोकलेलं वर्ष कोणी परत दिलेलं ऐकिवात नाही.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट काकांसाठी राखून ठेवली होती. अलाबामा विद्यापीठाचा जेलन हर्ट्स २०१६ मध्ये पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक म्हणून खेळला. ८ जानेवारी २०१८ ला, म्हणजे विदर्भाने इंदूरला रणजी जिंकल्यानंतर बरोब्बर एका आठवड्याने, राष्ट्रीय फायनलमध्ये टीम शून्याला तेराने मागे पडली. कोचने मध्यंतरात हर्ट्सला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. अलाबामा २६-२३ ने जिंकलं. सगळं जग टुआ टुआ करत होतं. आणि बसवलेला हर्ट्स? ९ फेब्रुवारी २०२५ ला फिलाडेल्फियाकडून सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉलची फायनल, जिंकून तो सामन्याचा मानकरी ठरला. लवकर खेळवल्याने तो बिघडला नाही, भर फायनलमध्ये बसवल्यानेही मेला नाही. पोरांची हाडं आपण समजतो त्याच्यापेक्षा टणक असतात. ठिसूळ असतं ते आपलं बी.पी.

काकांनी आता तोंड वळवलं. "क्रिकेटचं सोडा," म्हणाले, "डोक्याच्या खेळात वय लागते." हे ते नागपुरात उभे राहून बोलले! दिव्या देशमुखच्या गावात! २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये पाच जणींच्या संघातून प्रत्येक फेरीत चौघी खेळवायच्या होत्या. हरिका, वैशाली, वंतिका, तानिया या सगळ्या कधी ना कधी बसल्या. अकराच्या अकरा फेऱ्या खेळली ती अठरा वर्षांची दिव्या. साडेनऊ गुण, वैयक्तिक सुवर्ण, आणि भारतीय महिलांनाही सुवर्ण. पुढच्या वर्षी बातुमीला विश्वचषकाच्या फायनलमध्ये तिने आपल्या दुप्पट वयाच्या कोनेरू हंपीला हरवलं आणि तिथेच ग्रँडमास्टर झाली.

काकांनी पोह्यांचे पैसे दिले. माझेही. मी हे विजयाचं लक्षण मानलं.

पण घरी येताना पार्थ रेखडे डोक्यातून जाईना. पहिल्या डावात शून्य. तुम्ही-मी असतो तर दुसऱ्या डावात त्याला गुपचूप नवव्या नंबरवर ढकललं असतं आणि प्रेस नोटमध्ये रणनीती वगैरे लिहिलं असतं. विदर्भाने दुसऱ्या डावातही सलामीला रेखडेलाच पाठवलं. एका धावेवर त्रिफळा उडाला. पुन्हा सुरुवातीलाच दोन गडी बाद, पुन्हा मालेवार आणि नायर, ७३ आणि १३५. पोट्ट्याला अकरात घ्यायला फार हिंमत लागत नाही. पुतण्या असला की आपोआप येते. तो शून्यावर बाद झाल्यावर पुढच्या डावात त्यालाच पॅड बांधायला सांगायला लागते. मला विचाराल तर गोलंदाजाला सलामीला पाठवणं हा शुद्ध आगाऊपणा होता, पण एकदा पाठवल्यावर त्याच्या मागे उभे राहिले, याला मी मानतो. आमच्या शाळा-कॉलेजांत उलटं चालतं. पोराला एक सामना द्यायचा, तोही बलाढ्य टीमविरुद्ध, तोही ज्या नंबरवर तो कधी खेळला नाही त्या नंबरवर. तो पडला की मान हलवायची: बघा, सांगितलं नव्हतं? लहान आहे.

तेव्हा यंदाच्या मोसमात टीम निवडणाऱ्या सर्व सर, कॅप्टन आणि काकालोकांना विनंती. त्या बीकॉमवाल्याला घ्या, त्याच्या नेहमीच्या नंबरवर घ्या, आणि तीन सामने मिळतील हे त्याला आधीच सांगून ठेवा. मॅटिंगला खिळे ठोकायला माणूस कमी पडला तर मला फोन करा. सहाला येतो. खिळा तिरपा ठोकायचा असतो, तेवढं अजून लक्षात आहे.