काटकोनातले काका

पुण्या-ठाण्याच्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्टुलांवर प्लायची लांब पट्टी आडवी टाकून एक डोळा मिटून तिच्याकडे बघणारे एक गृहस्थ आढळतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, हयात कारखान्याच्या क्वालिटी विभागात गेलेली, खिशात व्हर्नियर कॅलिपर. सर्क्युलर सॉ त्यांनी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर घासाघीस करून घेतला, तो मुलीच्या खोलीतल्या कपाटासाठी. मुलगी मधल्या काळात लग्न होऊन बंगळुरूला गेली, कपाट व्हायचंय. सध्या काका सॉ सरळ चालावा म्हणून गाइड करताहेत. लोक त्यांना हसतात, आणि हसावंच. फक्त हसण्याचं कारण चुकतं. लोकांना वाटतं काकांचा एखादा स्क्रू ढिला आहे. वास्तविक त्यांचा एकही युक्तिवाद खोडून काढता येत नाही, आणि कपाट अडलंय ते नेमकं त्यामुळे.

पहिलीच पायरी घ्या. नुसत्या हातात धरलेलं मशीन ८ फूट सरळ जात नाही, हे कुणीही कबूल करील. तेव्हा प्लायवर पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि मशीनच्या तळपत्र्याची कड तिला टेकवून पुढे न्यायचं. पण ती कड पात्याला समांतर आहे कशावरून? स्वस्त मशीनचा तळ म्हणजे प्रेसखाली दाबून काढलेला साधा पत्रा. म्हणून आधी प्लग काढायचा, पात्याच्या एका दातावर खूण करायची, तोच दात एकदा पुढे आणि एकदा मागे आणून कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. फरक निघाला तर पातं कापात तिरकं घासणार, प्लाय करपणार आणि मशीन अंगावर उसळायचीही भीती. फरक निघतोच, व्हर्नियर हातात असला की जगात कुठेही निघतो. मग काका तळाला ॲक्रिलिकची नवी पाटी जोडतात, अल्युमिनियमच्या पट्टीवरची उभी कड तिच्यातून सरकावी म्हणून पाटीला खाच पाडतात, खाच सैल झाली म्हणून बाजूने नायलॉनचे स्क्रू घालतात. पाटीच्या आणि पट्टीच्या जाडीइतकी कापाची खोली कमी होते, म्हणून तिचा एक तक्ता करतात. यात वेडेपणा नेमका कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवा. नाही दाखवता येत.

सोपा मार्गही आहे, आणि तो फार देखणा आहे. ६ मिलिमीटर प्लायच्या रुंद पट्टीवर १२ मिलिमीटरची अरुंद पट्टी फेविकॉलने चिकटवायची आणि मशीन वरच्या पट्टीला टेकवून एकदा चालवायचं. खालच्या प्लायचा जादा भाग कापला जातो आणि उरलेली कड म्हणजेच पात्याची वाट. पुढे ती कड पेन्सिलच्या रेघेवर ठेवली की झालं, वजाबाक्या करायला नकोत. शिवाय या मशीनचे दात खालून वर चावत येतात, त्यामुळे वरच्या विनिअरच्या चिरफळ्या उडतात. पट्टीची कड तो विनिअर दाबून धरते. इथे थांबणारा माणूस संध्याकाळी कपाट जोडायला घेतो. काका विचारतात, वरची पट्टी तरी सरळ कशावरून? परीक्षा त्यांना पाठ आहे: रेघ ओढा, पट्टी पालथी घाला, त्याच दोन टोकांमधून पुन्हा रेघ ओढा, मधली फट म्हणजे चुकीची दुप्पट. फट दिसते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रतज्ज्ञाने १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत मांडलं होतं की खरा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर तीन तुकडे आळीपाळीने एकमेकांशी ताडून खरवडावे लागतात. दोनच घेतले तर एकाचा खळगा दुसऱ्याच्या फुगवट्यात गुण्यागोविंदाने नांदतो. काकांच्या बाल्कनीत आज तीन पट्ट्या आहेत त्या एवढ्यासाठी. काकूंना व्हिटवर्थ माहीत नाही, पण त्याच्याबद्दल त्यांचं मत तयार आहे. आणखी एक गोष्ट, ८ फुटी प्लाय उभा कापायचा तर मशीनला चढा-उतरायला जागा हवी, म्हणजे पट्टी ८ फुटांहून लांब हवी. ती ८ फुटी शीटमधून एकसंध निघत नाही, अल्युमिनियमचा १२ फुटी सेक्शन लिफ्टमध्ये मावत नाही, आणि दोन तुकडे जोडले की जोडावर बाक येतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सुतार हे काहीही न करता कापतोच की! कापतो खरा. मार्बल कटरला लाकडाचं पातं लावतो, दोरी मारतो, उकिडवा बसतो आणि एका हाताने प्लाय फाडत जातो. सूतभर इकडेतिकडे झालं तर रंधा आहे, कड शेवटी लिपिंगपट्टीखालीच जायची आहे, आणि आजकालची बिजागरी स्क्रू फिरवून दोन-एक मिलिमीटर सरकते. थोडक्यात, काका ज्या चुकीशी लढताहेत तिची सोय कपाटात आधीच करून ठेवलेली असते. या आक्षेपाला काकांकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही. पण मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो, सर्क्युलर सॉच्या दुपटीहून जास्त, आणि पात्यावर आपोआप मिटणारं खालचं झाकण त्याला नसतं, कारण तो फरशीसाठी घडवलेला आहे. पातं कापात वाकडं होऊन अडकलं की मशीन कापणाऱ्याच्या दिशेने उडी घेतं. गाइड नेमकं ते वाकडं होणंच अडवतं. काकांची दहाही बोटं शाबूत आहेत. टीकाकार म्हणतील, मशीन चालूच केलं नाही तर जातील कशी? हे मात्र निव्वळ खवचटपणाचं आहे.

रुळावर चालणारा तयार सॉ का घेत नाहीत, असंही विचारतात. जर्मनीतल्या फेस्टो कंपनीने १९६० च्या दशकातच असा रूळ काढला. काकांना ते ठाऊक आहे. किंमतही ठाऊक आहे, आणि त्या किमतीत तयार कपाट दारात येतं हेही. मग प्लायच्या दुकानातच कापून आणावं? तिथल्या पॅनल सॉवर पोऱ्या चहा संपायच्या आत शीटचे तुकडे करून देतो. काका तेही करून बघतात, गुण्या आणि व्हर्नियर घेऊन जातात, आणि दुसऱ्या तुकड्यात त्यांना अर्ध्या मिलिमीटरची चूक सापडते. ते आनंदाने वर बघतात, तोवर पोऱ्याने पुढच्या गिऱ्हाइकाची शीट चढवलेली असते.