पाठकोरा लिंकन

युद्धकाळातल्या पुढाऱ्यांच्या भाषणांचे मूळ मसुदे मी जमवतो, असं मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगतो. ‘मूळ’ म्हणताना जरा खोकतो. मुळाबरहुकूम काढलेली प्रत आणि मूळ यांत फरक तो काय, कागदाचाच ना? चर्चिलचे कागद १९९५ साली केंब्रिजसाठी विकत घेतले, तेव्हा राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून सव्वा कोटी पौंड मोजावे लागले. माझा चर्चिल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आला. पण रंगीत. दर्जाशी तडजोड नाही.

आणि खोडाखोड झेरॉक्समध्येही खरीच असते. पर्ल हार्बरनंतर रूझवेल्टने भाषण तोंडी सांगून टाइप करून घेतलं. ही तारीख जगाच्या इतिहासात राहील, असं आधी म्हटलं होतं. मग ‘जगाचा इतिहास’ पेन्सिलीने खोडून तिथे कलंक आणला. संसदेत ज्या प्रतीवरून वाचलं ती तिथेच राहिली, आणि १९८४ साली सिनेटच्या जुन्या कागदांत सापडली. चर्चिलची तऱ्हा वेगळी. १९०४ साली भर सभागृहात पुढचं आठवेना म्हणून तो खाली बसला. तेव्हापासून सगळं लिहून आणायचा, तेही छोट्या छोट्या तुटक ओळींत. कचेरीतले लोक त्याला स्तोत्राची मांडणी म्हणत.

हे सगळं भिंतीवर लावल्यावर माझ्या मनात येऊ नये ते आलं. आमच्या सोसायटीत ‘ए’ आणि ‘बी’ विंगमध्ये पार्किंगचं युद्ध पेटलं, तेव्हा सचिव मीच होतो. म्हणजे युद्धकालीन नेताच की! वार्षिक सभेत मी उत्स्फूर्त बोललो आणि त्याच रात्री घरी बसून त्या भाषणाचा मूळ मसुदा तयार केला. खोडाखोडीसकट. एक वाक्य तर केवळ खोडायचं म्हणून लिहिलं. ते इतकं छान जमलं की खोडवेना.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे ‘तूरडाळ १ किलो, हिंग, रिन’ असं सुवाच्य अक्षरात आलं. “अहो, पाठकोरा होता म्हणून घेतला,” सौ. म्हणाली.

आता पाठकोऱ्यावर बोललंच पाहिजे. आपल्या घरांत कोरी पाठ कधी वाया गेली आहे? लग्नपत्रिका, लाइटबिलं, मुलांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, सगळ्यांच्या पाठीवर दुधाचा हिशेब चढतो. माझे वडील पाठकोऱ्यांच्या दोऱ्याने शिवलेल्या वह्या करत आणि मला त्यातच गणितं सोडवावी लागत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी पतपेढीचा अहवाल. आणि या बाबतीत प्रत्यक्ष लिंकन आमच्यातला निघाला! १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणाच्या त्याच्या हातच्या पाच प्रती आहेत. त्यातली एक इतिहासकार बँक्रॉफ्टने मागून घेतली. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी बाल्टिमोरला जत्रा भरायची होती, तिथे विकायच्या पुस्तकात थोरांची हस्ताक्षरं छापायची होती. लिंकनने कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहून पाठवलं. काटकसरी माणूस! ते छपाईला चालेना, म्हणून देशात यादवी चालू असताना राष्ट्राध्यक्षाला सगळं भाषण पुन्हा लिहायला बसवलं. ती सुधारित, सहीची प्रत आज व्हाइट हाउसमध्ये आहे. दोन्ही बाजूंची प्रत कॉर्नेल विद्यापीठात. निवडायला सांगाल तर मी कॉर्नेलची घेईन. सौ.ला तिचा काही उपयोग नाही.

संग्रहातला एक कागद मात्र मी तिच्या हाती लागू देत नाही. नियमात तो बसत नाही, कारण लिहिणारा तेव्हा सेनापती होता, राष्ट्राध्यक्ष नंतर झाला. नॉर्मंडीवर उतरायच्या आधी आयसेनहॉवरने मोहीम फसली तर काय जाहीर करायचं, ते पेन्सिलीने लिहून पाकिटात ठेवलं. ‘सैन्य मागे घेण्यात आलं आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्याने खोडलं आणि ‘मी मागे घेतलं आहे’ असं केलं. दोष असेल तर तो एकट्या माझा, असं लिहून त्याखाली रेघ ओढली. तारीख जूनऐवजी जुलैची पडली, इतकं डोकं ठिकाणावर नव्हतं. अशी टिपणं तो आधीच्या मोहिमांच्या वेळीही लिहायचा आणि फाडून टाकायचा. हे सहायकाने मागून घेतलं म्हणून उरलं.

आपल्याकडे पूल पडला की निघणारी निवेदनं मी वाचतो. पूल ‘पडला’, चौकशी ‘होईल’, कारवाई ‘केली जाईल’. चार परिच्छेदांत एक कर्ता सापडत नाही. त्यांचे मसुदे कुणी फुकट दिले तरी मी घेणार नाही.

माझा पार्किंगचा मसुदा मात्र विकाऊ आहे. इच्छुकांनी संध्याकाळी सातनंतर यावं. किराणा माल मागच्या बाजूला आहे, त्याचे वेगळे पैसे पडणार नाहीत.