प्रदर्शन कसे पाहावे : जुन्नर-आंबेगाव आवृत्ती

जहांगीर आर्ट गॅलरी पाहायची तर काळा घोडा गाठावा लागतो, आणि आत शिरल्यावर सगळं कळल्यासारखा चेहरा करावा लागतो. पहिल्याला खर्च आहे, दुसऱ्याला सराव. तो सराव जुन्नर-मंचरकडच्या मंडळींनी घरच्या घरी करावा. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. दोन हजार वर्षं प्रदर्शन चालू आहे आणि उद्घाटक अजून यायचाच आहे.

आधी पोशाख. झब्बा चालेल, शबनम चालेल, अत्तर चालणार नाही. शहरात समीक्षक असतात, इथे आग्यामोहोळ असतं. त्याचं मत ताबडतोब कळतं.

सुरुवात लेण्याद्रीपासून करा. तीनशेच्या घरातल्या पायऱ्या आहेत. तिकीट काढताना ‘देवाला कसलं तिकीट?’ असं विचारायचा रिवाज आहे, तो पाळून घ्या. प्रसादाची पिशवी माकडांना द्या. नाही दिलीत तर ती घेतीलच. मग गिरिजात्मजाचं दर्शन. हे सातवं लेणं म्हणजे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. भोवती वीस खोल्या, मधे भलंथोरलं दालन आणि एवढ्या छताला आधाराचा एकही खांब नाही. नमस्कार झाला की जरा वरही बघा.

इथून बहुतेक लोक चपला शोधत परत फिरतात. तुम्ही शेजारच्या सहाव्या लेण्यात शिरा. चैत्यगृह आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या माथ्यावर हत्ती-सिंह, शेवटी स्तूप. छताला दगडातच फासळ्या कोरल्यात, कारण लाकडी छताची सवय कारागिरांना सुटली नव्हती. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे दान दिल्याचा लेख तिथे आहे. देणगीदाराचं नाव ठळक कोरायची आपली हौस तेव्हापासूनची. कुणी काळ विचारलाच, तर गंभीरपणे ‘सातवाहन’ म्हणा. बहुतेक वेळा खपून जातं.

तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे. बारा साधे खांब आणि मधोमध स्तूप. प्रदर्शनात कोपरा धरून उभं राहायची सवय असेल तर पंचाईत होईल, इथे कोपराच नाही.

चित्राआधी पाटी वाचणाऱ्यांनी थेट नाणेघाट गाठावा. तिथल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या मंडळींचे पुतळे कोरले होते. वर ब्राह्मीत नावं आहेत : राजा सिमुक, देवी नायनिका, सिरि सातकनि. पुतळे गेले, पाट्या राहिल्या. पाट्या वाचा, मान डोलवा आणि घाटावरचं वारं खाऊन परत या.

आंबेगावकरांनी रुसू नये. तालुक्याला ज्याचं नाव, ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, कचेरी घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. इथे मात्र मान तिरकी करून ‘वा, काय रचना!’ म्हणू नका. शेजारी उभे असलेले आजोबा कदाचित आपलं घर कुठे होतं ते शोधत असतील.

शेवटची सूचना खिशात खिळा घेऊन येणाऱ्यांना. बदाम काढून त्यात दोन नावं कोरायची फारच उबळ आली, तर सुलसदत्ताचा नियम पाळा : आधी अख्खं चैत्यगृह खोदून द्या, मग खुशाल नाव घाला.